मास्तर, लिंक दाबू का?

किस्से कुणी मुद्दाम जमवायला जात नाही. पोफळीच्या वाडीत झावळ्या पडतात ना, तसे ते आपोआप पडत राहतात. एक उचलून बाजूला ठेवावी तर मागे दुसरी धप्प! आमच्या श्रीवर्धनच्या वाचनालयात हल्ली नव्या पुस्तकांपेक्षा बनावट ईमेल जास्त येतात, आणि दर ईमेलमागे एक किस्सा. परवा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, हे सगळं लिहून काढा की!" म्हटलं, काढतो. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता स्वतः चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

तर आम्ही चौघं. मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नाही, तरी सगळं गाव मला 'मास्तर' म्हणतं. मंगलाताई आमच्या ग्रंथपाल. वाचनालयातला एकुलता एक कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात असतो आणि आम्हीही. बापूंची पोफळीची वाडी आहे आणि आवाज असा, की भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्यासाठीच रंगवली असावी. चौथे हसनभाई. जहाजावर चीफ कुक होते. दुपारी चारला थर्मासभर चहा घेऊन येतात आणि चहाबरोबर त्यांच्या बिर्याणीची गोष्ट सांगतात.

"मास्तर, भर समुद्रात आमच्या कप्तानाचा वाढदिवस. मी बिर्याणी केली. कप्तानानं तीनदा मागून घेतली, तीनदा!"

ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे, की कप्तानाच्या ताटातला कांदासुद्धा मला ओळखीचा झालाय.

आईच्या आजारपणात हसनभाई जहाज सोडून घरी आले. आई गेली, आणि मग हे जमिनीवरच राहिले. पुन्हा एकदा जहाज मिळावं, एवढी एकच इच्छा उरली होती. आताशा ही भरती सगळी ईमेलवर चालते. रोज मेल बघायचे आणि सुस्कारा सोडायचे.

मी एकदा म्हटलं, "अहो, घरचं जेवण, घरचा पलंग, काय वाईट आहे?"

"पलंगाचंच तर दुखणं हाय मास्तर. रात्रभर हलतच न्हाय. झोप कशी लागायची?"

*

सुरुवात झाली ती हसनभाईंपासूनच. एक दिवस त्यांना मेल आला. परदेशी जहाज, चीफ कुकची जागा, ताबडतोब रुजू व्हा. वर लिहिलेलं, 'आपल्या पाककौशल्याची कीर्ती आमच्यापर्यंत पोचली आहे.' झालं! कीर्ती म्हटल्यावर हसनभाई विरघळले. मागोमाग एका गोड गळ्याच्या साहेबाचा फोनही आला. यांनी घरी बसून मोबाईलवर ती लिंक दाबली. समोर आलेल्या पानाने मेलचा पासवर्ड मागितला, तो यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी मेल उघडेना. आणि यांच्या नावाने यांच्या सगळ्या नातेवाइकांना मेल गेले: 'मी रॉटरडॅम बंदरात अडकलो आहे. सामान चोरीला गेलं. खालच्या लिंकवर ताबडतोब मदत पाठवा. फोन करू नका.'

म्हसळ्याला यांची थोरली बहीण असते, जुबेदाआपा. तिला वाटलं, भाऊ न सांगताच जहाजावर गेला; आणि फोन करू नका म्हटल्यावर बिचारीने फोन केला नाही. सरळ रिक्षा केली आणि रडत रडत भावाच्या दाराशी आली, भावजयीला धीर द्यायला. दार वाजवलं. दार उघडलं ते खुद्द हसनभाईंनी, हाताला माशाची आमटी लागलेली.

आपाने डोळे पुसले, भावाला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "तू रॉटरडॅमवरनं जेवायला आलास का रे?"

आम्ही हसलो, हसनभाईही हसले. पण ते हसू काही खरं नव्हतं. मंगलाताईंनी त्यांना शेजारी बसवून मेलची पेटी परत मिळवली, पासवर्ड बदलला, मोबाईलवर कोड आल्याशिवाय पेटी उघडणार नाही अशी दुसरी कडी लावली, सगळ्या नातेवाइकांना कळवलं आणि सायबर पोलिसांकडे तक्रारही नोंदवली. सगळं ठीक झालं. हसनभाई तेवढे ठीक झाले नाहीत.

"ताई, पेटी बंदच राहू दे," ते म्हणाले. "आता मी मेल बघणार न्हाय. जहाजाचं नाव काढायचं न्हाय."

मला फार वाईट वाटलं. पैशाला कुणी हात लावला नव्हता, पण माणसाची आशा उचलून नेली होती. शिवाय खरं बोलावणं आलं तर तेही त्याच पेटीत येणार, आणि हे पेटी उघडणार नाहीत!

*

त्यानंतर मंगलाताईंनी नियम केला. कुणीही लिंकचा मेल घरी एकट्याने उघडायचा नाही. चार वाजता वाचनालयात यायचं, मेल मोठ्याने वाचायचा, आणि तिघांनी मान हलवल्याशिवाय लिंक दाबायची नाही. पूर्वी पोस्टाच्या ओट्यावर बायका पत्र वाचून घ्यायला यायच्या, तो प्रकार पुन्हा सुरू झाला. एक मात्र खरं, धमकीचा मेल मनात वाचला तर बोट लिंककडे धावतं, आणि बापूंच्या आवाजात ऐकला तर हसू येतं.

लिंक वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी पोस्टात लागलो तो सॉर्टर म्हणून, म्हणजे पत्रं गावांप्रमाणे वेगळी करणारा. सॉर्टर पत्ता खालून वाचतो. वर कुणाचं नाव आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि नावाची भानगड पोस्टमनने बघायची. लिंकचंही तसंच असतं, हे मंगलाताईंनी मला दाखवलं. माउसचा बाण लिंकवर नुसता न्यायचा, दाबायचा नाही. खाली कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून मागे यायचं. रेघेच्या लगेच आधी जे नाव असतं, तो मालक. त्याच्या आधीची सगळी नावं शोभेची.

पहिलाच मेल आला बापूंना, बँकेचा. 'आपले खाते बंद होत आहे.' लिंकच्या सुरुवातीला बँकेचं नाव अगदी ठसठशीत. मी रेघ शोधली, मागे आलो, तर मालक निघाला कुणीतरी 'लकी गिफ्ट झोन'!

बापू गरजले, "म्हंजे पाव्हणा नाव सांगतो बँकेचं आणि ऱ्हातो जत्रेत!"

*

बापूंचा विजेचा मेल तर गावभर गाजला. 'आपले मागील बिल अद्ययावत नाही. आज संध्याकाळी सात वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. टाळण्यासाठी येथे क्लिक करा.'

मी माझा बाण लिंकवर नेतोय तोवर बापू खुर्चीतून उठलेसुद्धा. "मास्तर, पत्ता बघायची गरजच न्हाय. खोटा हाय!"

"कशावरून?"

"आपल्याकडं वीज कधी सांगून गेल्येय का?"

खोटाच म्हणून तिघांनी मान हलवली. मेल पुसला. बापू छाती काढून घरी गेले.

आणि संध्याकाळी, बरोबर सातला, वीज गेली!

कुठेतरी माड तारेवर कलला होता, अर्धं गाव अंधारात. पण बापूंना ते कोण सांगणार? बॅटरी घेऊन माझ्या दारात हजर. "मास्तर, दाबायला पायजे होती व्हय लिंक?" मी त्यांना अंगणात नेऊन शेजारच्या पाच-सहा घरांचा अंधार दाखवला, तेव्हा कुठे शांत झाले.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "काय बी म्हणा, चोर असला तरी शब्दाचा पक्का निघाला!"

*

मंगलाताईंना फसवायला एक वेगळाच निघाला. वाचनालयाच्या अध्यक्षांच्या नावाने मेल. 'मी महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही. कृपया खालच्या लिंकवरून काही गिफ्ट कार्ड तातडीने घ्या. धन्यवाद.' खाली अध्यक्षांचं पूर्ण नाव, फोटोसकट.

ताईंनी मेल उघडला, वाचला आणि पुसूनही टाकला. मी म्हटलं, "अहो, पत्ता तरी बघू द्या मला!"

"कशाला? बारा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली आहे. त्याने मला 'कृपया' लिहिलं, तिथेच मी ओळखलं."

हे कुणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं. कुणी ते मी सांगणार नाही. बापूंचा आवाज लांबवर जातो. अध्यक्ष मनाला लावून घेणारे. तेव्हापासून ते प्रत्येक मेलमध्ये 'कृपया' आणि 'धन्यवाद' लिहायला लागले. आता ताईंना प्रत्येक वेळी फोन करून विचारावं लागतं, "साहेब, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

*

माझ्या वाट्यालाही एक आलाच. पोस्टाच्या नावाने! 'आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे अडकले आहे. पत्ता दुरुस्त करण्यासाठी येथे क्लिक करा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अपुऱ्या पत्त्यामुळे? श्रीवर्धनमध्ये? अहो, माझ्या कारकिर्दीत 'दाढीवाले काका, समुद्राकडचं घर' एवढ्या पत्त्यावर मनीऑर्डर पोचली आहे! उलट अपुऱ्या पत्त्याचं पत्र जास्त खात्रीने पोचतं. पोस्टमन विचारत विचारत जातो, आणि पत्र घरी पोचायच्या आत सगळी आळी चौकशीला दारात हजर असते.

मी त्या लबाडाला खरमरीत उत्तर लिहायला बसलो. दीड पान झालं. टपाल खात्याचा इतिहास, माझी सेवा, सगळं त्यात आलं. पाठवणार तेवढ्यात ताईंनी माउस काढून घेतला.

"मास्तर, उत्तर नाही द्यायचं. या पत्त्यावर जिवंत माणूस आहे हे त्यांना कळतं. मग रोज दहा येतील."

"पण मला बोलायचंय त्याच्याशी!"

"बापूंशी बोला."

बापूंनी दीड पान पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "सगळं झ्याक हाय. पण तुमच्या पार्सलात व्हतं काय?"

*

एवढं सगळं चालू असताना हसनभाई रोज येत, चहा ओतत, दुसऱ्यांच्या मेलवर मान हलवत. स्वतःच्या पेटीला मात्र हात लावत नसत. ताई आठवड्यातून एकदा हमखास विचारायच्या, "हसनभाई, तुमची पेटी उघडू का?"

"नको ताई. चहा घ्या."

त्यांच्या आवाजातला तो 'नको' ऐकला की माझा चहा कडू व्हायचा. पण बळजबरी तरी कशी करायची?

*

मग आम्ही जरा जास्तच हुशार झालो. त्याचा फटका बसला बापूंच्या भाच्याला.

बापूंना मेल आला. पाठवणाऱ्या कंपनीचं नाव कुणी कधी ऐकलेलं नाही. वर फुलांचं चित्र. 'आनंदाची बातमी! उघडण्यासाठी येथे क्लिक करा. आपली उपस्थिती ताबडतोब कळवा.' अनोळखी माणूस, घाई, आमिष आणि लिंक. सगळी लक्षणं एकाच मेलमध्ये! तिघांनी मान हलवायची गरजही पडली नाही, बापूंनीच तो कचऱ्यात टाकला.

चार दिवसांनी पुन्हा तोच मेल. पुन्हा कचऱ्यात. तिसऱ्यांदा आला तेव्हा ताईंना शंका आली. त्यांनी नुसतं वाचून पाहिलं, तर खाली बारीक अक्षरात पुण्याच्या भाच्याचं नाव. त्याचं कुठेतरी जमल्याचं बापूंच्या कानावर होतं, पण तारीख ठरल्याचं नव्हतं.

"लिंक नको," ताई म्हणाल्या. "बहिणीला फोन लावा. तुमच्याकडे जो नंबर आहे त्यावर. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही."

बापूंनी फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय गं, पोराचं लगीन खरं हाय का?"

पलीकडून बहिणीचा आवाज, बापूंचीच बहीण ती, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अजून तरी खरं आहे! मामा असा चौकशा करत फिरला तर पुढचं सांगवत नाही!"

हसता हसता हसनभाईंच्या हातातला चहा सांडला. टेबल पुसता पुसता ते हळूच म्हणाले, "लगीन खरं निघालं."

"निघालं की," मी म्हटलं.

"म्हंजे सगळंच खोटं नसतं."

त्यांनी फडकं पिळलं, घडी करून ठेवलं आणि ताईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

"उघडा पेटी."

*

पेटीत जाहिरातींचा खच पडला होता. ताई एकेक पुसत चालल्या होत्या आणि मध्येच थांबल्या. हसनभाईंच्या जुन्या जहाज कंपनीचा मेल. परवाच आलेला. बापूंनी नेहमीपेक्षा निम्म्या आवाजात वाचला: 'चीफ कुकची जागा रिकामी आहे. इच्छुक असल्यास या आठवड्यात कळवावे. होकार खालील लिंकवर भरावा.' बस. कीर्ती नाही, पाककौशल्य नाही, काही नाही.

हसनभाईंचा चेहरा उतरला. "घाई हाय, लिंक हाय. बंद करा ताई."

"थांबा," मी म्हटलं. बाण लिंकवर नेला. रेघ शोधली, मागे आलो. अक्षर न् अक्षर तपासलं. मालक कंपनीच होती.

पण बापूंनी डोकं हलवलं. "मास्तर, आपाला मेल गेला त्यो यांच्याच पेटीतनं गेला व्हता. पत्ता खरा, माणूस खोटा! तसं कंपनीचं झालं नसंल कशावरनं?"

बरोबरच होतं. ताईंनी मेल तसाच ठेवला, परवाना असलेल्या जहाज कंपन्यांची सरकारी यादी वेगळी उघडली, त्यातला नंबर घेतला आणि वाचनालयाच्या फोनवरून लावला. स्पीकर चालू. एका मुलीने उचलला, ताईंनी हसनभाईंचं नाव सांगून विचारलं. हो, मेल आम्हीच पाठवलाय, म्हणाली.

हसनभाई पुटपुटले, "तो पण असाच गोड बोलत व्हता."

मुलीला ते ऐकू गेलं असावं. ती म्हणाली, "एक मिनिट हां. यांच्या जहाजावरचे कॅप्टनसाहेब हल्ली इथे ऑफिसातच असतात. यांचं नाव त्यांनीच सुचवलंय. देते."

पलीकडून एक भरदार आवाज आला. "हां, बोलिए."

बापूंनी फोनवर वाकून विचारलं, "तुम्ही खरे कप्तान कशावरनं?"

ताईंनी बापूंना मागे ओढलं आणि आमच्याकडे वळून कुजबुजल्या, "असं काहीतरी विचारू या, जे खऱ्या कप्तानालाच ठाऊक असेल."

"बिर्याणी!" मी म्हटलं. तीनदा मागून घेतलेली बिर्याणी कुठला कप्तान विसरेल?

हसनभाई एकदम उठून उभे राहिले. "नको नको, बिर्याणी नको, दुसरं कायतरी..." पण ताईंनी विचारूनही टाकलं होतं. "सर, हसनभाईंच्या हातची बिर्याणी आठवते का तुम्हाला?"



"बिर्याणी?" आवाज चढला. "बाकी सब खाना लाजवाब बनाता था, मगर वो बिर्याणी मैं मरते दम तक नहीं भूलूंगा! मेरे बर्थडे पे नमक की जगह शक्कर डाल दी थी इसने! पूरा जहाज भूखा सोया! और पूछा तो बोलता है, साब, हमारे श्रीवर्धन में ऐसी ही बनती है!"

बापूंचा आ वासलेला. ताईंनी तोंडाला पदर लावलेला. मी हसनभाईंकडे पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुललेला, की आईच्या आजारपणानंतर तो तसा मी पाहिलाच नव्हता.

"माझाच कप्तान!" ते म्हणाले. "ताई, दाबा ती लिंक!"